दार ठोठावणारे गरीब वस्तीतच का दिसतात?

धर्मांतराच्या कायद्याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "हे लोक बरोबर झोपडपट्टीतच जातात. आमच्या सोसायटीत कधी आलं का कुणी?" बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या सोसायटीत खरंच कुणी आलेलं नसतं, आणि मागच्या चाळीत खांद्याला पिशवी लावून फिरणारी दोन माणसं त्याने स्वतः पाहिलेली असतात. पण या दोन खऱ्या गोष्टींवरून तो तिसरी काढतो, ती म्हणजे हेतू. हे लोक गरीब बघूनच गाठतात, असं तो ठरवून टाकतो. तिसरी गोष्ट पहिल्या दोनांतून आपोआप निघत नाही, आणि गंमत म्हणजे ती तपासता येते.

तपासायची तर एका प्रश्नाचे तीन करावे लागतात. प्रचारक कुठे जायचं ठरवतात? त्यांना कुठे आत सोडतात? आणि एकदा जाऊन आल्यावर पुन्हा कुठे जातात? माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'सगळीकडे' असंच असतं, आणि गरीब वस्तीकडे जो कल दिसतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात तयार होतो. याला अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

दारोदार धर्म ही काही परकी चीज नाही. वासुदेव पहाटे दारात यायचा, रामदासी भिक्षेच्या निमित्ताने श्लोक ऐकवून जायचे. पण ठरवून, नकाशा हातात घेऊन, एकही दार न सोडता फिरणं ही गोष्ट वेगळी. ती ज्यांनी सर्वांत शिस्तीने केली ते म्हणजे यहोवाचे साक्षीदार, म्हणून उदाहरण त्यांचंच घेऊ.

हे साक्षीदार कोण?

अमेरिकेत पिट्सबर्ग इथे १८७०च्या दशकात चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल अभ्यासमंडळातून हा पंथ निघाला. 'यहोवाचे साक्षीदार' हे नाव १९३१चं. आज जगभरात प्रचाराला बाहेर पडणारे त्यांचे सुमारे ९० लाख लोक आहेत. इतर ख्रिस्ती त्यांना सहसा आपले मानत नाहीत, कारण ते त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत आणि नाताळही साजरा करत नाहीत. रक्त चढवून घेत नाहीत, ध्वजाला वंदन करत नाहीत. केरळमधली तीन शाळकरी मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली पण गायली नाहीत म्हणून शाळेतून काढली गेली, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती मुलं याच पंथाची. भारतातलं त्यांचं कार्यालय १९२६ साली मुंबईत सुरू झालं. 'टेहळणी बुरूज' हे त्यांचं नियतकालिक मराठीतही निघतं.

या पंथात प्रचार हे पगारी धर्मगुरूंचं काम नाही. सुतार, शिक्षिका, निवृत्त कारकून, कॉलेजातली मुलगी, सगळ्यांनी दारोदार जायचं. पगार नाही, उलट बसभाडं स्वतःचं.

नकाशा कसा वाटतात

त्यांच्या बोलीत 'क्षेत्र' हा शब्द सारखा येतो. एका मंडळीला, म्हणजे एका सभागृहाशी जोडलेल्या साधारण शंभरेक माणसांच्या गटाला, शहराचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. त्या तुकड्याचे आणखी छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येकाचं एक कार्ड असतं. कार्डावर चार-सहा गल्ल्यांचा नकाशा, कडेने हद्द आखलेली. वापरून कोपरे झिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. आता बऱ्याच ठिकाणी हे मोबाइलवर आलं आहे, पण कल्पना तीच. कार्ड कुणी नेलं, कधी नेलं, काम पुरं करून कधी परत दिलं, याची नोंद मंडळीतला एक जण ठेवतो. फार दिवस कुणी न नेलेलं कार्ड पुढच्या वेळी आधी बाहेर काढायचं.

गल्लीत फिरताना आणखी एक कागद असतो. त्यावर घरांचे क्रमांक आणि समोर आद्याक्षरांच्या खुणा: कुणी घरी नव्हतं, माणूस कामात होता, पुन्हा बोलवलंय, दार लहान मुलाने उघडलं. 'पुन्हा येऊ नका' असं सांगणाऱ्यांची वेगळी यादी असते आणि ती घरं सहसा वगळतात. बंद मिळालेल्या घरी मात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळेला परत जायचं.

पल्स पोलिओची फेरी आठवा. आशाताई दारावर खडूने खूण करून जातात, झालेल्या घराची वेगळी आणि राहिलेल्याची वेगळी, आणि राहिलेल्या घरी पुन्हा येतात. घर बंगल्याचं की पत्र्याचं हे खूण करताना बघत नाहीत. साक्षीदारांच्या कामाचा साचा हाच आहे. (साम्य साच्यापुरतंच. डोस आणि धर्म एका तराजूत घालायचा माझा इरादा नाही.)

सगळ्यांकडे जायचं यामागे शिष्टाचार नाही, सिद्धान्त आहे. जगाचा शेवट जवळ आला आहे असं ते मानतात. बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकात पहारेकऱ्याचा दाखला आहे: तलवार येताना दिसूनही पहारेकऱ्याने कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल. साक्षीदार हा दाखला स्वतःला लावून घेतात. म्हणजे श्रीमंतांची गल्ली सोडून दिली तर त्यांच्या हिशेबी ते दोषी ठरतात. गरिबांचीच निवड करणं त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेच्या विरुद्ध जातं.

पत्त्यापेक्षा वेगळा निकष ते लावतात तो भाषेचा. परदेशात एखाद्या भाषेची वेगळी मंडळी असली, इंग्लंडमध्ये गुजराती किंवा पंजाबी आहेत तशी, तर तिचे लोक सगळी दारं न ठोठावता त्या भाषेची माणसं शोधत फिरतात. यात डॉक्टरही सापडतो आणि सफाई कामगारही. पण नव्या देशात नुकताच आलेला, ओळखीपाळखी नसलेला माणूस आपल्या भाषेतला शब्द ऐकून जितका हरखतो, तितका वीस वर्षं स्थिरावलेला हरखत नाही. इथे निवड भाषेची झाली, तरी परिणाम एकटेपणाकडे झुकतो.

वॉचमनचा प्रश्न

आता कार्डावरचा नकाशा घेऊन प्रत्यक्ष गल्लीत या. एका बाजूला चाळ, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि कार्डावर दोन्ही.

टॉवरच्या गेटवर वॉचमन एकच प्रश्न विचारतो: "कुठल्या फ्लॅटला जायचंय?" प्रचारकाकडे याचं उत्तर नसतं, कारण त्याला सगळ्याच फ्लॅटला जायचंय. पाहुण्याचं नाव ॲपवर टाकून घरमालकाची परवानगी मागायची पद्धत आल्यापासून तर प्रश्नच मिटला. ओळख नाही तर प्रवेश नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या येण्याची नोंदही होत नाही, कारण तो आत आलाच नाही. सोसायटीतल्या माणसाला वाटतं, इथे कधी कुणी आलं नाही. गेटवरून किती जण परत गेले हे त्याला कोण सांगणार?

चाळीत दार दिवसभर उघडंच असतं. बेल नाही, चौकट आहे, चौकटीत कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं. एका गॅलरीत हाकेच्या अंतरावर दारं, त्यामुळे तेवढ्याच वेळात अनेक घरं होतात. आलेल्याला आधी पाणी आणि मग "कोण तुम्ही?" ही रीतही अजून पुरती गेलेली नाही.

हा फरक भारतापुरता नाही. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावरच्या घराचं दार ठोठावण्याचा हक्क न्यायालयांनी वारंवार राखला आहे. ओहायोतल्या स्ट्रॅटन नावाच्या तीनशेही वस्ती नसलेल्या गावाने प्रचाराला आधी परवाना घ्या असा नियम केला, तो २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केला. पण खासगी मालकीच्या इमारतीच्या आत हा हक्क तसाच चालत नाही. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर तर सार्वजनिक रस्त्यांनाच फाटक बसवण्याची मुभा देणारा कायदा १९८७ साली झाला. रहिवाशांनी आपल्या वसाहती बंद केल्या आणि साक्षीदार बाहेर राहिले. ते न्यायालयात गेले, आणि २०११ साली अपील न्यायालयाने म्हटलं की फाटक असलं तरी रस्ता सार्वजनिकच आहे, रखवालदार असेल तिथे त्याने प्रचारकांना आत सोडलं पाहिजे.

हा खटला मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गरिबांकडेच जायचं असतं, तर बंद वसाहतींत शिरायला मिळावं म्हणून इतकी वर्षं वकिलांवर खर्च कशाला केला असता?

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दुसरा मार्ग काढला. तिथल्या कित्येक इमारतींत दरवानाला ओलांडून जाता येत नाही, म्हणून २०११पासून स्टेशनं आणि गर्दीच्या चौकांत पुस्तकांच्या चाकाच्या गाड्या लावून उभं राहायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत जगभर गेली. बंद इमारतींतल्या लोकांना पत्रं लिहिणं, फोन करणं हेही चालतं. मात्र चाळीतल्या बाईला माणूस भेटतो आणि टॉवरमधल्याला पाकीट. पाकीट उघडलं जातं की नाही हे तुम्हीच ठरवा.

दार उघडल्यावर

निरोप सगळ्यांना एकच दिला, तरी तो सगळ्यांना सारखा लागत नाही. साक्षीदार दारात उघडून दाखवतात त्या वचनांपैकी एक यशयाच्या ६५व्या अध्यायातलं आहे. येणाऱ्या नव्या जगात माणसं घरं बांधतील आणि स्वतःच त्यांत राहतील. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं असं होणार नाही. लावलेल्या मळ्याचं फळ लावणाराच खाईल.

हे वाक्य दोन ठिकाणी वाचून बघा. स्वतःच्या मालकीच्या तीन बेडरूमच्या घरात ऐकणाऱ्याला ते जुन्या पुस्तकातलं छान वाक्य वाटेल. दुसऱ्यांच्या टॉवरला विटा वाहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलणाऱ्या गवंड्याला ते आपल्याविषयी लिहिलेलं वाटेल. आजारपण संपेल, भूक संपेल, अन्याय करणाऱ्यांचं राज्य संपेल, हे सगळं ऐकायला कोण थांबणार? ज्याला आत्ताचं जग फारसं सोयीचं नाही तो.

म्हणजे निवड होते, पण ती रस्त्याची नव्हे, निरोपाची होते. याला कुणी हेतू म्हणेल, तर त्याच्याशी मी फार भांडणार नाही. आशेचा धर्म आशा लागणाऱ्यालाच जवळचा वाटणार, आणि हे प्रचारकाला ठाऊक नसतं असं समजणं भाबडेपणाचं होईल. तरीही 'दुःखी माणसाला जवळचा वाटणारा निरोप सगळ्यांना देणं' आणि 'दुःखी माणूस हेरून त्याच्यामागे लागणं' यांत फरक आहे. कायदेही तो फरक करायला धडपडतात. ते पुढे पाहू.

पुन्हा कुठे जायचं?

पहिल्या भेटीत जवळपास काहीच होत नाही. २०१९ या एका वर्षात साक्षीदारांनी स्वतःच्या अहवालानुसार २०८ कोटींहून जास्त तास प्रचारात घालवले आणि बाप्तिस्मे झाले सुमारे ३ लाख ४ हजार. भागाकार केला तर एका बाप्तिस्म्यामागे जवळजवळ ६,९०० तास. त्यातही बरेच बाप्तिस्मे साक्षीदारांच्या स्वतःच्याच मुलांचे. धंदा म्हणून बघितलं तर कुणी असा धंदा करणार नाही.

मॉर्मन हा दुसरा घरोघर फिरणारा पंथ, पांढरे शर्ट आणि काळ्या नावपट्ट्या लावलेल्या तरुणांचा. त्यांच्या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदी घेऊन रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञांनी १९८० साली एक अभ्यास मांडला. अनोळखी दार ठोठावून हजारात एखादाच माणूस पंथात आला होता. पण पहिली भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरात झाली असेल, तर जवळपास निम्मे आले. माणसं दारातून येत नाहीत, ओळखीतून येतात. मॉर्मनांनी २०१३पासून दारं ठोठावणं कमी करून तरुणांना इंटरनेटकडे वळवलं.

आता याचा वस्तीशी संबंध लावा. जिथे ऐकून घेतलं तिथे 'पुनर्भेट' होते. हाही त्यांचा रोजचा शब्द. पुनर्भेटीतून दर आठवड्याचा बायबल अभ्यास सुरू होतो. एका घरात अभ्यास सुरू झाला की शेजारीण डोकावते, बहिणीला बोलावणं जातं. कार्डाप्रमाणे गल्लीची फेरी काही महिन्यांतून एकदाच होते, पण अभ्यासाला प्रचारक दर आठवड्याला येतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात त्या या आठवड्याच्या फेऱ्या. टॉवरच्या गेटवरून परत फिरण्याची फेरी वर्षातून दोनदाच होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वाटप सारखं, वेळ मात्र एका बाजूला साचत गेलेला.

ठोठावणाराच गरीब असेल तर?

आपण धरून चाललोय की प्रचारक वरून येतो आणि गरिबाकडे जातो. अमेरिकेतलं चित्र उलटं आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४च्या मोठ्या धार्मिक पाहणीत, अमेरिकी साक्षीदारांपैकी ४८ टक्के लोकांचं घरचं वार्षिक उत्पन्न ३० हजार डॉलरांपेक्षा कमी होतं. सगळ्या प्रौढ अमेरिकनांत हे प्रमाण ३५ टक्के. पदवीधर साक्षीदार १२ टक्के, एकूण प्रौढांत २७ टक्के. प्रचारक त्याच वस्तीत राहतो, त्याचं सभागृह त्याच रस्त्यावर असतं, आणि मंडळीचं क्षेत्र सभागृहाच्या आसपासचंच असतं.

गरिबीचा थोडा भाग पंथातूनच येतो हेही सांगायला हवं. शेवट जवळ आलाय म्हटल्यावर चार वर्षं पदवीत कशाला घालवायची, असा सूर नेतृत्वाने कित्येक दशकं लावला. 'पायनियर' म्हणून जास्त वेळ प्रचार करणाऱ्याला महिन्याला ७० तास द्यावे लागायचे (२०२३पासून ५०), म्हणून अनेकांनी अर्धवेळ नोकऱ्या धरल्या. गरीब लोक साक्षीदार झाले इतकंच नाही, साक्षीदार होऊन काही जण गरीब राहिले.

१९४३चा स्ट्रदर्सचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. स्ट्रदर्स हे ओहायोतलं पोलादाच्या गिरण्यांचं गाव. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे, म्हणून पत्रकं वाटायला दार ठोठावणं किंवा बेल वाजवणं हाच तिथे गुन्हा केला होता. एका साक्षीदार बाईला दंड झाला, तिने लढा दिला आणि सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ती जिंकली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालाचा एक मुद्दा असा: ज्यांच्यापाशी पैसा नाही अशा छोट्या माणसांच्या चळवळींना घरोघर पत्रकं वाटण्यावाचून गत्यंतर नसतं. श्रीमंत चळवळ रेडिओ विकत घेते, गरीब चळवळ चपला झिजवते. कामगाराची झोप मोडणारी आणि झोप मोडलेला कामगार, दोघंही त्या खटल्यात साधीच माणसं होती.

त्याआधीचा १९४०चा खटला न्यू हेवन शहरातला. तिथे एक साक्षीदार बाप आणि त्याची दोन मुलं ज्या रस्त्यावर ग्रामोफोन घेऊन फिरत होती, तिथले नव्वद टक्के रहिवासी रोमन कॅथलिक होते, आणि ग्रामोफोनवर वाजत होती कॅथलिक चर्चवरची टीका. लोक चिडले ते याच्यामुळे, पैशाचा तिथे विषयच नव्हता.

"पण काही जण मुद्दाम गरिबांकडेच गेले ना?"

गेले, आणि तसं जाहीर सांगून गेले. विल्यम बूथ यांनी १८६५ साली लंडनच्या ईस्ट एंड भागात काम सुरू केलं तेच मुळी गरीब, दारुडे, बेघर यांच्यासाठी. त्यातून मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, उभी राहिली. १९ सप्टेंबर १८८२ला तिची पहिली चार माणसं मुंबईत उतरली. त्यांचे प्रमुख फ्रेडरिक टकर यांनी देशी वेश आणि 'फकीर सिंग' असं नावही घेतलं. त्यांच्याबद्दल 'गरीब वस्तीच निवडतात का?' असं विचारलं असतं, तर त्यांनीच 'हो' म्हणून सांगितलं असतं. तब्लीगी जमातची सुरुवातही १९२०च्या दशकात मेवातच्या शेतकरी मुसलमानांत झाली. जमातची 'गश्त', म्हणजे मशिदीतून निघून मोहल्ल्यातल्या घराघरांत जाणं, मुख्यतः आपल्याच धर्माच्या लोकांसाठी असते. तेव्हा सगळ्या प्रचारकांना एका मापाने मोजणं चूकच.

आपल्याकडचा एकोणिसाव्या शतकाचा अनुभव मात्र वेगळाच आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, त्यांचा रोख शिकलेल्या, वरच्या जातींच्या तरुणांवर होता. १८३९ साली दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि मुंबई हादरली. १८४३ साली नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, १८५४ साली बाबा पदमनजी. वरून धर्म झिरपत खाली जाईल अशी मिशनऱ्यांची अटकळ होती. पण एवढ्या वर्षांच्या वादविवादांतून हाती लागली बोटांवर मोजण्याइतकी माणसं. मोठ्या संख्येने लोक आले ते अहमदनगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि जालन्याच्या बाजूच्या मांगवाड्यांतून. आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वसाहत उभी करून मांग समाजात काम करणारे कोण? तेच नारायण शेषाद्री. बेत एका वस्तीचा होता, दार दुसऱ्या वस्तीने उघडलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळेत बसायला मिळणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मिशनऱ्यांचं लक्ष तिकडे वळलं ते नंतर.

"मग कायद्यात गरिबांचा वेगळा उल्लेख कशाला?"

प्रश्न रास्त आहे. ओडिशाचा १९६७चा आणि मध्य प्रदेशचा १९६८चा (त्याच्या जागी २०२१ साली नवा आला) कायदा बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी केलेल्या धर्मांतराला शिक्षा ठरवणारा. धर्मांतर झालेली व्यक्ती स्त्री, अल्पवयीन, अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर त्यांत शिक्षा एकाऐवजी दोन वर्षांपर्यंत ठेवली होती. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे कायम केले. घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही, असं न्यायालय म्हणालं.

ग्रीसमध्येही १९३०च्या दशकातला असाच एक कायदा आहे. समोरच्याची गरज, अननुभव, विश्वास, कमी समज किंवा भोळेपणा यांचा फायदा घेऊन त्याची श्रद्धा डळमळीत करणं हा त्यात गुन्हा आहे. या कायद्याखाली साठाहून जास्त वेळा अटक झालेले मिनोस कोकिनाकिस हे क्रीट बेटावरचे साक्षीदार. १९८६ साली ते एका बाईशी तिच्या घरी जाऊन बोलले म्हणून त्यांना शिक्षा झाली. ती बाई गावातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्तोत्रं गाणाऱ्याची बायको होती, धर्माशी चांगलीच परिचित. तरी ग्रीक न्यायालयाने तिला अननुभवी ठरवलं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९३ साली सहा विरुद्ध तीन मतांनी ग्रीसविरुद्ध निकाल दिला. आपली श्रद्धा सांगणं वेगळं आणि पैसा किंवा सामाजिक फायदा दाखवून अथवा संकटातल्या माणसावर दबाव आणून त्याला ओढणं वेगळं, अशी रेघ त्यांनी आखली.

ही रेघ मला पटते, कारण ती वस्ती बघत नाही, वागणूक बघते. प्रचारक चाळीत गेला हा पुरावा नव्हे. त्याने तिथे फी भरायचं आश्वासन दिलं का, आजारी माणसाला बरं करण्याची अट घातली का, 'नको' म्हटल्यावर निघून गेला की नाही, हे विचारायला हवं. साक्षीदारांच्या शाळा नाहीत, दवाखाने नाहीत, शिधावाटप नाही; तेव्हा तांदळाच्या पोत्याचा आरोप त्यांना चिकटत नाही. दुसरे आरोप चिकटतात: पंथ सोडणाऱ्याशी बोलणं टाकणं, रक्त नाकारायला लावणं. त्यांची चर्चा जरूर व्हावी. पण ती चाळीला जितकी लागू आहे तितकीच टॉवरलाही.

आणि गरीब माणसाला स्वतःचं डोकं नाही, त्याच्या दारात जो पोचला त्याचा तो झाला, हे जे गृहीत धरलं जातं त्याचंही काहीतरी करायला हवं. हजारातली नऊशे नव्याण्णव दारं बंद होतात, आणि त्यांत चाळीतलीही असतात.

आता काय बदलतंय

कोविडमुळे मार्च २०२०मध्ये साक्षीदारांनी जगभर दारं ठोठावणं थांबवलं आणि सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा सुरू केलं. मधली अडीच वर्षं पत्रं आणि फोन. नोव्हेंबर २०२३पासून सामान्य प्रचारकाने तास मोजून कळवायची जुनी अट गेली. महिन्यात भाग घेतला की नाही एवढंच सांगायचं. तास भरायचे असले की माणूस साहजिकच जिथे लोक भेटतात आणि बोलतात तिथे वळतो. तो एक धक्का आता निघाला. दुसऱ्या बाजूने फाटकं वाढत चालली आहेत, पुनर्वसनाच्या इमारतींनाही लिफ्ट आणि वॉचमन आलेत, आणि कालच्या चाळीतल्या बाईलाही आज इंटरकॉमवरून विचारतात की खाली दोन माणसं आलीत, वर पाठवू का.